तलावाच्या अर्जावर सही करू की नको?

वाचकांचं पत्र

स. न. वि. वि.

आम्ही पवईला तलावाजवळ राहतो. यजमान निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या कामात असतात. आजूबाजूच्या काही सोसायट्या मिळून महापालिकेला एक अर्ज देणार आहेत, त्याचा मसुदा यजमानांनीच लिहिलाय. मागण्या चार आहेत. तलावाला पूर्ण वेढा घालणारा पक्का पदपथ, काठावर सगळीकडे दिवे, पायडल बोटी आणि कयाक, आणि काठावरचा सगळा झाडोरा काढून टाकणं, कारण लोकांना डास, साप आणि मगरींची भीती वाटते.

आमची मुलगी कॉलेजात आहे. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन तलावावर पक्षी बघायला जाते. तिने मसुदा वाचला आणि घरात कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तलाव नकोच आहे, क्लबहाउस हवंय." ते म्हणाले, "तलाव माणसांनी बांधला. मग माणसांनी नाही वापरायचा तर कुणी?" तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. "बाबांना सांग", "तिला विचार" असं सगळं माझ्यामार्फत चालतं.

मला दोघांचंही पटतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सपाट जागेवर रोज चालायला सांगितलंय, पण अंधार पडला की तिकडे एकटीने जायची भीती वाटते. सासूबाई अमावास्येला तलावातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, लेक त्यालाही हरकत घेते. आणि कमळपक्षी पानांवरून चालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, तोही जायला नको वाटतो. येत्या रविवारी सह्या गोळा होणार आहेत. मी सही करू की नको?

— एक वाचक, पवई

उत्तर

ताई,

आहे त्या मसुद्यावर सही करू नका. पण अर्जच नको, असंही म्हणू नका. चारपैकी दोन मागण्या जागा बदलली तर मान्य व्हाव्यात अशा आहेत, एक तूर्त बाजूला ठेवावी लागेल आणि एक खोडूनच टाकायला हवी. शिवाय जी सगळ्यांत वर असायला हवी होती, ती मागणी अर्जात आलेलीच नाही. रविवारला अजून अवकाश आहे, तेवढ्यात मसुदा बदलता येईल.

आधी तुमच्या गुडघ्यांबद्दल बोलते, कारण अशा वादांत तेच मागे पडतात. बाईमाणसाला संध्याकाळी निर्धास्तपणे चालता येईल अशी सपाट, उजेडाची जागा मुंबईत सहज मिळत नाही, आणि तशी जागा मागणं ही चैन नाही. निसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये मीही आहे, आणि आमच्या बोलण्यात कधीकधी असा सूर लागतो की तलावावर फिरायला येणारा प्रत्येक माणूस उपद्रवीच. तुमच्या लेकीच्या बोलण्यातही तो लागलेला दिसतोय. मला तो मान्य नाही. पाण्यावर फेस आला, मासे मरून वर आले, कुणी रात्रीत भराव टाकला, तर पहिली तक्रार रोज तिथे चालणारी माणसंच करतात. ती माणसं तलावाजवळ हवीत. किती जवळ आणि कुठल्या बाजूला, एवढंच ठरवायचं आहे.

आता यजमानांचा मुद्दा. तलाव माणसांनी बांधला हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. मुंबईची तहान भागेना म्हणून आधी १८६० मध्ये विहार झाला, मग १८७९ मध्ये तुळशी, आणि १८९० च्या सुमारास मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घालून पवई. पुढे पवईचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज ते कारखान्यांना आणि आरे दूध वसाहतीला पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी दिलं जातं. ५४५ कोटी लीटर पाणी मावणारा हा तलाव पावसाळ्यात भरला की सांडव्यावरून मिठीत वाहतो. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या आत, पिण्याच्या पाण्याचे, त्यामुळे तिथे कयाक मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. पवई मात्र शहराच्या वाटेत आला. त्याच्या एका अंगाला आदि शंकराचार्य मार्ग, दुसऱ्या अंगाला आयआयटी, आणि सभोवती उंच इमारती.

पण बांधल्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तेवढ्या काळात तिथे मगरींच्या पिढ्या वाढल्या, अडईचे थवे उतरू लागले, पाणकोंबड्या, टिबुकल्या, जांभळे बगळे, पाणकावळे आले आणि राहिले. कुणी बांधला या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळतं, आज तिथे कोण राहतंय ते तलावावर जाऊन बघावं लागतं. यजमान अर्ज लिहिणारे आहेत, म्हणजे कागदपत्रं वाचणारेही असणार. त्यांना दुसरी बाजूही वाचायला आवडेल असं मला वाटतं.

या सगळ्या प्रश्नाचं मर्म काठ आहे. आपण तलाव म्हटलं की पाण्याचा मोठा पसारा डोळ्यांपुढे येतो आणि काठ म्हणजे नुसती त्याची कड वाटते. प्रत्यक्षात तलावातलं बहुतेक जगणं त्या कडेलगतच्या उथळ पट्ट्यात चालतं. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून पाणवनस्पती रुजतात. त्यांच्यात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, गोगलगायी आणि चतुरांच्या अळ्या वाढतात, आणि ते खायला पक्षी येतात. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू उतरू लागलं की दर आठवड्याला थोडा नवा चिखल उघडा पडतो. हिवाळ्यात दूरवरून आलेले तुतवार आणि धोबी त्यावरच पोट भरतात. मगरीला अंगात ऊब आणायला उन्हात पडावं लागतं, त्यासाठी पाण्यातून सरळ वर सरकता येईल असा मातीचा उतार लागतो. मादी अंडी घालते तीही काठावरच्या मातीत खड्डा खणून. पाण्याला लागून भिंत उभी राहिली की हा पट्टाच नाहीसा होतो. एका बाजूला खोल पाणी, दुसऱ्या बाजूला फरशी, आणि मध्ये काही नाही. वरून बघणाऱ्याला तलाव होता तेवढाच दिसतो. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो, आणि राहणारे मात्र निघून गेलेले असतात.

पूर्ण वेढ्याचा पदपथ म्हणूनच नको. हे नुसतं माझं मत नाही. २०२१ मध्ये महापालिकेने तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला होता, तुम्हाला ते काम आठवत असेल. तारेच्या जाळीत दगड भरून रचायचे, म्हणजे पाणी झिरपत राहील, असं त्याचं तंत्र होतं. पाणी झिरपलंही असतं. पण मगरीला त्या दगडांतून चढता येत नाही आणि त्यात खणता येत नाही. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी आणि पर्यावरणासाठी काम करणारे लोक उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं, केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं आणि तलावात भर घालायला मनाई केली. आधार होता पाणथळ जागांच्या संरक्षणाच्या नियमांचा. त्या नियमांत पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला बंदी आहे, अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. हे यजमानांना शांतपणे, एकटे असताना सांगा, लेकीसमोर नको. मसुदा आहे तसा गेला तर पहिलीच मागणी न्यायालयाने नाकारलेल्या गोष्टीची निघेल, आणि तिच्यापायी बाकीचा अर्जही बाजूला पडेल. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाला हे आधी कळलेलं बरं.

मग चालायचं कुठे? रस्त्याच्या बाजूला. तो काठ कधीच पक्का झालाय. तिथे बाग आहे, कठडा आहे, विसर्जनाचा घाट आहे, आणि रस्त्याचा गोंगाट तर अहोरात्र. बुजरे पक्षी तिथून आधीच लांब सरकलेत, राहिलेत ते माणसांना सरावलेले. तिथे आणखी माणसं चालली तर फारसं बिघडणार नाही. म्हणून मागणी अशी करा, की रस्त्याच्या बाजूच्या सबंध लांबीत चालायची वाट सलग आणि सपाट असावी, जिथे पायऱ्या आहेत तिथे उतार असावा, थोड्या-थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल अशी बाकं असावीत, स्वच्छतागृह उघडं आणि स्वच्छ असावं, वाटेवर दुचाक्या उभ्या राहू नयेत. तुमच्या गुडघ्यांना तलावाच्या पूर्ण प्रदक्षिणेची गरज नाही, न अडखळता जाऊन परत येता येईल अशा वाटेची आहे. आणि डोंगराकडची, आयआयटीच्या अंगाची मऊ काठाची बाजू जशी आहे तशी ठेवा, असं त्याच अर्जात स्पष्ट लिहा. हे दुसरं वाक्य अर्जात आलं तर तुमची लेक त्याखाली आनंदाने सही करेल.

बरेच जण मध्यम मार्ग म्हणून सुचवतात की काही महिने माणसांना द्या आणि काही महिने पक्ष्यांना. ऐकायला न्याय्य वाटतं, पण पवईचं वर्ष बघा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हिवाळी पाहुणे असतात. फेब्रुवारी ते एप्रिल मगरींचा अंडी घालण्याचा काळ, पिल्लं बाहेर येतात पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्यांची वीण. एकाचा हंगाम संपेपर्यंत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. त्यामुळे या तलावाची वाटणी महिन्यांनी होत नाही, जागेनेच करावी लागते. वेळेचा उपयोग होतो तो दिवसापुरता. पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्षी आणि मगरी सगळ्यांत जास्त हालचालीत असतात, तेव्हा पाण्याच्या अगदी कडेला उतरू नये.

दिव्यांचंही तसंच. तुमची भीती खरी आहे आणि चालायच्या वाटेवर उजेड हवाच. पण "काठावर सगळीकडे दिवे" या तीन शब्दांत पाण्यावर रोखलेले झोतही येतात आणि झाडांना गुंडाळलेल्या माळाही. रात्रभर पाणी उजळलं की रातबगळ्यांची शिकार बिघडते, झाडांवर निजलेले पाणकावळे-बगळे अस्वस्थ राहतात, किडे दिव्यांभोवती घिरट्या घालत मरतात आणि पाण्यावर त्यांची संख्या घटते. म्हणून मागणी नेमकी लिहा. दिवे रस्त्याच्या बाजूच्या वाटेवर, खांब कमी उंचीचे, उजेडाचं तोंड खाली, वरून टोपण, रंग पिवळसर, आणि माणसांचा वावर थांबला की बंद किंवा मंद. अशा दिव्यांमुळे तुम्हाला पाय कुठे पडतोय तेही दिसेल आणि समोरून येणाऱ्याचा चेहराही. पांढऱ्याफेक झगझगाटात उजेडाबाहेरचा अंधार उलट जास्त गडद वाटतो.

बोटींवर थोडं जास्त थांबते, कारण इथे एक गैरसमज फार पसरलाय. कयाकला इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणजे त्रास नाही, असं लोक धरून चालतात. पण इंजिनाची बोट खोल पाण्यातच फिरते. कयाक वीतभर पाण्यातही शिरते, पाणकणसाच्या बेटात शिरते, नेमकी तिथे जिथे पक्षी विसाव्याला आणि विणीला असतात. आवाज नसल्यामुळे ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही आणि मग सगळा थवा एकदम उठतो. अडई एकदा उडाली तर काही बिघडत नाही. दर अर्ध्या तासाला उडावं लागलं तर ती ती जागा सोडते. कमळपक्ष्याचं घरटं तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरच असतं. अंड्यांवर नर बसतो, मादी दुसरीकडे निघून जाते. नर उठवला गेला की अंडी उघडी पडतात, वर घारी-कावळे असतातच. टिबुकलीचं घरटंही तरंगतंच. वल्ह्याच्या साध्या लाटेनेही ते डुचमळतं.

दुसरी अडचण माणसांची. त्या पाण्यात मगरी आहेत आणि सांडपाणीही आहे. पायडल बोटीतून हात पाण्यात सोडून बसलेली शाळकरी मुलं डोळ्यांपुढे आणा. म्हणून ही मागणी आत्ता काढून ठेवा. नौकाविहाराची हौस असेल तर ठाण्याचा मासुंदा तलाव आहे. त्याचे काठ कधीचेच बांधलेले, तिथे बोटीने नवं काही मोडत नाही. पुढेमागे पवईचं पाणी खरोखर स्वच्छ झालं आणि विषय पुन्हा निघाला, तर रस्त्याच्या बाजूच्या पाण्यातच, बोये बांधून आखलेल्या हद्दीत, मोजक्या होड्या, पावसाळ्यात पूर्ण बंद, बेटांपासून आणि पाणकणसापासून लांब, अशा अटींवर बोलता येईल. नियमांनी धक्क्याला वाव ठेवलाय, तेव्हा होडी म्हणजे पापच असं लेकीनेही धरू नये.

गळ टाकणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तलावावर ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि काठावर तासन्‌तास मुकाट बसणाऱ्या त्या लोकांना तलाव चांगला कळतो. त्यांच्याकडे एकच मागणं आहे, तुटलेला तंगूस आणि गरी तिथे टाकू नका. तो नायलॉनचा धागा कुजत नाही. बगळ्याच्या पायाला गुंतला की पाय कापत जातो. अर्जात तंगूस टाकायला एक झाकणाची पेटी मागा, खर्च नगण्य आहे.

आता झाडोरा. ही मागणी खोडा. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि त्यामुळेच बापलेक एकमेकांना चुकीचं ठरवताहेत. जलपर्णी म्हणजे ती फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची तरंगती वनस्पती. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या खतावर इतकी माजते की उबदार पाण्यात दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. तिच्याखाली ऊन पोचत नाही, कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि तिच्या दाटीतल्या साचलेल्या घाण पाण्यात डास होतात. ती काढायलाच हवी, इथे यजमान बरोबर आहेत. मात्र काठावरचं पाणकणीस, गवत, झुडपं ही तिथली आहेत. काठाची माती ती धरून ठेवतात, ओघळून येणारी घाण थोडीफार गाळतात, आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुर त्यांच्याच आसऱ्याने राहतात. ती कापली तर डास कमी होणार नाहीत, वाढतील. इथे लेक बरोबर आहे. जलपर्णीच्या बाबतीतही एक काळजी घ्यावी लागते. तिच्या पसाऱ्यावर पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्या घरटी करतात, तेव्हा ऐन विणीत यंत्र लावून एका दमात सगळी उपसणं बरं नाही. विणीनंतर, टप्प्याटप्प्याने, आणि उपसलेली काठावरच न टाकता दूर न्यावी. काठावर कुजली तर तिच्यातलं सगळं खत पुन्हा पाण्यात.

आणि मगरी. मार्च २०२५ मध्ये आयआयटीच्या आवारात रस्त्यावर आलेल्या मगरीचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. महिना लक्षात घ्या, तो त्यांच्या विणीचा काळ. काठ जितके आवळत जातील तितक्या त्या जागेच्या शोधात बाहेर येतील. झाडोरा काढल्याने मगर जात नाही, ती फक्त लपायला दुसरीकडे जाते, आणि ती जागा कदाचित तुमच्या फाटकाजवळची असेल. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, "हलवा" म्हणून तो हलत नाही. तुम्ही एवढं करा. मऊ काठावर पाण्यात पाय सोडून बसू नका. कुत्र्याला पट्ट्याशिवाय पाण्याजवळ नेऊ नका. मटणाच्या दुकानातली घाण किंवा शिळं अन्न काठावर टाकणारा दिसला तर लगेच अडवा, कारण त्याने भटकी कुत्री काठावर येतात आणि त्यांच्यामागे मगर. मगर वस्तीत दिसली तर गर्दी न करता, दगड न मारता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता राहिलेली मागणी. तलावात येणारं सांडपाणी. जलपर्णी, डास, दुर्गंधी, मेलेले मासे, बोटीत बसायची धास्ती, हे सगळं त्या एकाच ठिकाणाहून येतं. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांमध्ये मैलापाणी सोडलेलं असतं आणि ते नाले तलावात उतरतात. जलपर्णी दरवर्षी काढा, सांडपाणी चालू राहिलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती परत भरते आणि तो सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून अर्जाची पहिली मागणी ही असू द्या. प्रत्येक नाल्याचं मैलापाणी तलावाच्या आधीच अडवून मलनिस्सारण वाहिनीला किंवा प्रक्रिया केंद्राला जोडावं, आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला लोकांना दिसतील असे लावावेत. आणि हे लिहिण्याआधी यजमानांना एक काम सांगा. आपल्या सोसायटीचं आणि सही करणाऱ्या बाकी सोसायट्यांचं सांडपाणी नेमकं कुठे जातं, आपलं प्रक्रिया यंत्र असलं तर ते रोज चालतं का, हे लेखी घ्या. मोठ्या संकुलांत यंत्र असतं आणि वीजबिल वाचवायला ते बंद ठेवलेलं असतं, असं मी पाहिलंय. आपल्या घरचं तपासून केलेला अर्ज कार्यालयातला अधिकारी वेगळ्या नजरेने वाचतो.

सासूबाईंच्या गोळ्यांवरून घरात वाद नको. म्हातारीने अमावास्येला घातलेल्या मूठभर कणकेने पवईचा तलाव बिघडत नाही. बिघडतो तो रविवारी शेकडो माणसांनी टाकलेल्या पाव, शेव, कुरमुऱ्यांनी आणि त्याबरोबर पाण्यात पडलेल्या पिशव्यांनी. लेकीला सांगा, आजीला हरकत घेण्याऐवजी तिच्याबरोबर जा, गोळ्या चार-पाचच असू देत, आणि आजीला विचार की तिच्या माहेरच्या तळ्यात कोणते मासे होते. मोठ्या माणसांची श्रद्धा हळूच वळवता येते, तोडून टाकता येत नाही.

शेवटी बापलेकीबद्दल. तुमच्या लेकीचं "क्लबहाउस हवंय" हे वाक्य मुद्द्याला धरून असेल, पण निवृत्तीनंतर ज्या माणसाने कुणीही न सांगता सार्वजनिक कामात डोकं घातलंय त्याला ते फार लागलं असणार. यजमानांनाही आपल्या पोरीला तलावातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं हे पचवायला वेळ लागेल. त्यांना समोरासमोर बसवून समेट करायला जाऊ नका. दोघांना कामं वाटून द्या. लेक ज्या नोंदी ठेवते, कुठला पक्षी कुठल्या काठावर, कुठल्या महिन्यात, त्या तिने तलावाच्या साध्या नकाशावर उतरवाव्यात. मऊ काठ एका रंगात, पक्का काठ दुसऱ्या. यजमानांनी तो नकाशा अर्जाला जोडावा आणि त्याप्रमाणे मागण्यांची वाक्यं बदलावीत. सरकारी भाषेतला अर्ज त्यांना लिहिता येतो, तो लेकीला येत नाही. नकाशा तिला काढता येतो, तो त्यांना येत नाही. "तिला विचार" असा निरोप आला की या वेळी तो पोचवू नका. म्हणा, तुम्हीच विचारा, तिसऱ्या काठाचा रंग कोणता ते मला माहीत नाही.

आणि यजमान नाहीच म्हणाले, मसुदा असाच जाणार म्हणाले, तर सही करू नका आणि त्याचं कारण त्यांना आधी सांगा, रविवारी चारचौघांत नको. मग तुम्ही स्वतः एक वेगळं पत्र लिहा. सोसायटीतल्या ज्या बायकांना संध्याकाळी चालायचं असतं त्यांच्या सह्या घ्या, सांडपाणी, वाट, दिवे आणि स्वच्छतागृह एवढंच त्यात मागा, आणि मऊ काठाला हात लावू नका हे शेवटी लिहा. पत्र महापालिकेच्या एस विभाग कार्यालयात द्या, एक प्रत जल अभियंता खात्याला, कारण तलाव त्यांच्या ताब्यात आहे. दोन्हीकडे पोच घ्या आणि महिन्याभराने ती पोच घेऊन पुन्हा जा. नकाशा तयार झाला तर त्याची एक प्रत मलाही पाठवा.